कोमोरीसानचा वाकडा त्रिकोण

शिमोयानागी स्टेशनच्या एक नंबर फलाटावर त्या सकाळी सुमिएच्या मागे चांगली लांबलचक रांग लागली. गाडी आली, थांबली, आणि सगळ्या रांगेच्या तोंडासमोर आली ती डब्याची नुसती भिंत. दारं उघडली ती अलीकडे आणि पलीकडे, दुसऱ्याच लोकांपुढे. खिडकीपाशी बसलेली एक बाई काचेतून रांगेकडे बघत होती आणि रांग तिच्याकडे. मग एकदम पळापळ झाली. "माफ करा, माफ करा" करत सगळे दोन्हीकडच्या दारांना भिडले. निम्मे आत गेले, निम्मे बाहेर राहिले. जागची हलली नाही ती एकटी सुमिए. हातातला डबा पोटाशी धरून ती शांतपणे म्हणाली, "ही आपली नव्हे. आपली मागून येतीय."

माझं दुकान त्याच फलाटावर, तिथून चार पावलांवर. सोबाच्या शेवया, गरम रस्सा, वर कांद्याची पात. उभ्यानं खायचं आणि गाडी पकडायची. हातातला झारा तसाच धरून मी खो खो हसले. मग हसू आलं तसं गेलं, कारण खांबाआडून कोमोरी बघत होता. सुमिएचा नवरा. तोंडावर मी त्याला कोमोरीसान म्हणायची, मनात नुसता कोमोरी.

आमच्याकडे फलाटावर एक माणूस गप उभा राहिला की दुसरा त्याच्या मागे उभा राहतो आणि तिसरा दुसऱ्याच्या. कशासाठी उभा आहेस असं कुणी कुणाला विचारत नाही. पुढचा उभा आहे म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक असणारच. त्यातून सुमिए उभी राहायची ती अशी की बघणाऱ्याला शंकाच येऊ नये. पाय जुळवलेले, पाठ ताठ, नजर समोर. आणि पायाखाली फरशीवर पांढरा त्रिकोण. आमच्या फलाटावरचा तो शेवटचा त्रिकोण होता. बाकीचे सगळे कोमोरीनं खरवडून काढले होते, हा एक त्यानंच मागे ठेवला होता.

कोमोरी इवाओ हा रेघा मारणारा माणूस. डोंगरातल्या बर्फाळ गावाचा. तिकडे तेव्हा शाळा संपली रे संपली की पोरांना गाडीत घालून इकडे कामाला पाठवत, तसा हाही आला आणि एका ठेकेदाराच्या हाताखाली लागला. रस्ता ओलांडायचे पट्टे, शाळेपुढचं 'थांबा', सायकली लावायच्या चौकटी, फलाटाच्या कडेची रेघ, सगळं यानं काढलेलं. या गावात तुम्ही जिथे म्हणून थांबलात, तिथे कोमोरीनं थांबवलं म्हणून थांबलात. जन्मभर खाली बघून काम केल्यामुळे माणसांची तोंडं त्याच्या लक्षात राहायची नाहीत, पाय राहायचे. माझ्या फळीखालून दिसणाऱ्या बुटांकडे बघून तो सांगायचा, "पोस्टातले आलेत. त्यांच्यात अंडं घाला."

लग्नसुद्धा असंच जमलं. ठेकेदाराच्या बायकोनं त्याला मुलगी बघायला नेलं. परत येताना विचारलं, कशी वाटली? तर हा म्हणतो, "टाचा सारख्या झिजल्यात." त्या बाईनं कपाळाला हात लावला. आता काय करावं या माणसाला! पण कोमोरीच्या लेखी ती फार मोठी तारीफ होती. ज्याच्या बुटांच्या दोन्ही टाचा सारख्या झिजतात तो माणूस सरळ चालतो, असं त्याचं म्हणणं. ही गोष्ट मला सुमिएनंच सांगितली आणि सांगताना ती लाजली होती, साठीला आलेली बाई.

सुमिए शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात जायची, इथून तिसऱ्या स्टेशनवर. रोज सकाळी अडतीसशेनं. डब्यावर लिहिलेल्या आकड्यावरून आम्ही त्या गाड्यांना अडतीसशे म्हणत असू. शेवाळी रंग, मधून सायीच्या रंगाचा पट्टा, डब्याला एका बाजूला तीन दारं. छताला पंखे होते आणि ते मान वळवून वळवून सगळ्यांना वारा घालायचे. थंडीत बाकाखालची शेगडी अशी तापायची की पोटऱ्या भाजून निघत आणि नाक मात्र गारठलेलं. निघताना गाडी आधी खर्जात गुरगुरायची, मग हळूहळू सूर चढवायची. माझ्या टांगलेल्या पळ्या त्या सुरावर वाजायच्या. गाडी दिसायच्या आधी मला कळायचं, आली.

पुढे चार दारांच्या नव्या गाड्या सुरू झाल्या. आता लोकांनी उभं कुठे राहायचं? कंपनीनं ठरवलं, तीन दारांच्या गाडीला त्रिकोण, चार दारांच्या गाडीला गोल. त्या खुणा काढायचं काम कोमोरीकडे आलं. साचा ठेवायचा, रंग ओतायचा, साचा उचलायचा. सगळ्या फलाटांवर त्यानं त्या आखल्या आणि नेमका आमच्याच फलाटावर, चौथ्या डब्याच्या तिसऱ्या दाराशी, त्याचा साचा सरकला. त्रिकोणाचा डावा कोपरा बोटभर बाहेर गेला.

रंग वाळल्यावर त्याला ते दिसलं. कंपनीचा माणूस म्हणाला, राहू द्या हो, कोण बघतंय! पण कोमोरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दोन दिवस त्याला घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी तो परवानगी मागायला निघाला, सगळा खरवडून परत काढतो म्हणून. तेव्हा सुमिए म्हणाली, "अहो, कशाला? माझं दार तेच आहे. तिकडं उतरलं की जिना बरोबर समोर येतो. मी रोज त्याच्यावरच उभी राहते. कुणाला दिसायचं नाही."

आणि ती राहिली. कारखान्यात होती तोवर रोज, डावा पाय त्या कोपऱ्यावर ठेवून. लवकर आली तर आधी माझ्या दुकानाशी थांबायची, विकत काही घ्यायची नाही, मग जाऊन उभी राहायची आणि हनुवटीनं मला दाखवायची, बघ, झाकला.

मी म्हणायची, "नवऱ्याचं पाप रोज पायाखाली घालतेस होय गं?"

"मग काय डोक्यावर घेऊन नाचू?"

अशी ती होती. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे तिचं जे झालं त्यावरून कुणी तिला ओळखू नये.

कामावरून घरी बसली आणि दोनेक वर्षांत सुरुवात झाली. भाताच्या भांड्यात ओला टॉवेल शिजायला लावलेला सापडला. नंतर तिला संडास सापडेना. स्वतःच्या घरात, चार पावलांवरचा. दवाखान्यात रोगाचं नाव सांगितलं. नावाबरोबर औषध काही मिळालं नाही.

मग एके दिवशी सकाळी ती जुना कामाचा कोट घालून, डबा घेऊन थेट फलाटावर आली आणि त्रिकोणावर उभी राहिली. मागून कोमोरी धापा टाकत, पायात घरातल्या सपाता. तिला ओढून न्यायला त्यानं हात पुढे केला, तेवढ्यात ती वळली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही इथं कसे? रात्रपाळी करून आलात ना? जा, झोपा जरा. भात झाकून ठेवलाय."

कोमोरीचा हात तसाच राहिला. कित्येक आठवड्यांत ती इतकं नीट बोलली नव्हती. अडतीसशे आली, ती चढली, मागोमाग सपातांसकट हाही चढला. तिसऱ्या स्टेशनवर दोघं उतरली. कारखाना तिथे कुठला असायला, तिथे आता उंच इमारती झाल्यात. दोघांनी बाकावर बसून डबा खाल्ला आणि परतीच्या गाडीनं घरी आली. त्या दिवसापासून हे रोजचंच झालं.

कोमोरी मला म्हणाला, "घरात ती हरवते, कुनिएसान. इथं हरवत नाही. त्या त्रिकोणावर पाय पडला की ती पहिल्यासारखी असते. मला 'अहो' म्हणून हाक मारते."

म्हणजे त्याची सगळी बायको आता त्या फूटभर रंगात शिल्लक होती. हे त्याला कळत होतं आणि मलाही.

आणि त्याच वर्षी कंपनीनं जाहीर केलं की अडतीसशे बंद.

शेवटच्या दिवशी फलाटावर कॅमेरेवाल्यांची ही गर्दी! जन्मात कधी या स्टेशनवर न उतरलेली माणसं शिड्या घेऊन आली होती आणि "ए पुढचा, डोकं खाली कर" म्हणून एकमेकांवर खेकसत होती. गाडी रोज धावत होती तेव्हा यांच्यातल्या एकानं तरी तिच्यात बसून पोटऱ्या भाजून घेतल्या होत्या का? मेल्यावर खांदा द्यायला सगळे पुढे. माझा रस्सा मात्र दुपारपर्यंत संपला, ते खोटं कशाला बोलू. सुमिए त्या गर्दीत त्रिकोणावर उभी होती. म्हणाली, "आज सगळ्यांची सकाळपाळी दिसते." दोघं शेवटची त्या गाडीत बसून गेली. गाडीनं लांबलचक शिट्टी दिली, माझ्या पळ्या वाजल्या, आणि चांगले बाप्ये हुंदके देऊन रडले. कांद्याच्या पातीनं डोळ्यांत पाणी येत नाही हे मला ठाऊक आहे, तरी मी तिच्यावरच ढकललं.

काही डबे म्हणे लांब कुठल्या डोंगराळ भागातल्या लहान कंपनीनं नेले. बाकीचे कापले.

आता तीन दारांची गाडीच नाही, तर त्रिकोण कशाला? ते खरवडायचं काम पुन्हा त्याच ठेकेदाराकडे आलं. ठेकेदार वारला होता, त्याचा मुलगा बघत होता. त्यानं म्हाताऱ्या कोमोरीला विचारलं, तुम्हीच काढलेत, तुम्हीच पुसता का? कोमोरी हो म्हणाला. एकेका स्टेशनचे त्रिकोण त्यानं ग्राइंडर लावून उडवले. आमचं स्टेशन शेवटी घेतलं, आणि इथला तो एक तेवढा ठेवला.

आमचे धाकटे स्टेशनमास्तर नेमोतो म्हणून आहेत. तरणा माणूस, पण वाकून वाकून आत्ताच पोक आलंय. त्यांना तो त्रिकोण दिसला नसेल असं होणं नाही. पण पानगळ सुरू होईपर्यंत ते त्याच्या बाजूनं असे चालत गेले की जणू तिथे काही नाहीच.

सुमिए रोज यायची. अडतीसशे कुठून येणार? चार दारांची गाडी आली की "ही आपली नव्हे" म्हणून सोडून द्यायची. दुसरी सोडायची, तिसरी सोडायची. पाय दुखायला लागले की कोमोरी खांबाआडून बाहेर यायचा. "आज गाड्या बंद आहेत म्हणे. चल घरी."

"पगार कापतील हो."

"मी सांगतो साहेबांना."

"नीट सांगा. तुम्हाला बोलता येत नाही."

मग दोघं जायची. पुढे ती, मागे हा, खाली बघत.

हे असं चाललं असतं आणखी काही दिवस. पण ती उभी राहायची ऐटीत, आणि आमचे लोक हे असे! नवा कुणी आला की तिच्या मागे उभा, त्याच्या मागे दुसरा. त्या सकाळी तर कहर झाला, तोच मी सुरुवातीला सांगितला. राहिलेल्यांपैकी कुणाची तरी महत्त्वाची वेळ चुकली असावी. त्यानं कंपनीला कळवलं. सुमिएबद्दल अवाक्षर नाही, नुसतं एवढंच, की फलाटावर चुकीची खूण आहे आणि लोक फसतात.

नेमोतो माफी मागायला गोड डाळीच्या वड्यांचा डबा घेऊन माझ्या दुकानाशी आले. कोमोरी शेवया खात होता. नेमोतो कमरेत वाकले ते वाकूनच राहिले.

"कोमोरीसान, मला तोंड दाखवायला जागा नाही..."

मी म्हटलं, "मग दाखवू नका. हे डबे घेऊन यायचं बरं सुचतं तुम्हा लोकांना! त्या बाईनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"मावशी, माझ्या हातात असतं तर..."

"तुमच्या हातात काय असतं हो? शिट्टी?"

"कुनिएसान," कोमोरी म्हणाला, "असू द्या." त्यानं काड्या नीट वाडग्यावर आडव्या ठेवल्या. "चूक माझी आहे. खूण चुकीची असली की माणूस चुकीच्या जागी उभा राहतो. तसलं काम मी कधी केलं नाही."

"आम्ही दुसऱ्या कुणाला सांगतो," नेमोतो म्हणाले. "तुम्हाला त्रास नको."

"नको. दुसरा घाईनं खरवडेल, फरशीला खड्डा पडेल. मीच करतो."

त्यानं आधी घरी एक उपाय करून बघितला. तोच जुना साचा काढला आणि स्वयंपाकघराच्या जमिनीवर त्रिकोण काढला, मुद्दाम कोपरा सरकवून, हुबेहूब. सकाळी सुमिएला तिथे नेऊन उभं केलं. तिनं खाली बघितलं, याच्याकडे बघितलं आणि पोट धरून हसली. "अहो, वेड लागलं का तुम्हाला? घरात कधी गाडी येते?" हे मला सांगताना कोमोरीही हसला. मी त्याला हसताना शेवटचं बघितलं ते तेव्हा.

मग त्यानं फलाटावरचा त्रिकोण पुसला. काम इतकं सफाईदार केलं की सकाळी मी येऊन बघते तर फरशी थोडी फिकी, बस.

सुमिए नेहमीच्या वेळेला आली. चालत त्या जागेवरून पुढे गेली. थांबली, मागे आली, परत पुढे गेली. खाली बघत, फरशी चाचपल्यासारखी, फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिनं एका मुलीची बाही धरून विचारलं, "त्रिकोण कुठं गेला हो?" मुलगी "माफ करा" म्हणून दूर झाली. मी दुकानातून हाक मारली, "सुमिएसान, इकडं ये, इथंच होता बघ!" तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला ओळखलं नाही. कोमोरी खांबाआडून धावला. "अगं, चल, आज गाड्या बंद आहेत." तिनं हात झिडकारला. "कोण तुम्ही? सोडा मला." लोक बघायला लागले. गाडी आली, गर्दी उतरली, त्या गर्दीत ती कुठे गेली कळलं नाही.

दुपारी ती नदीकाठच्या सायकलतळावर सापडली, जमिनीवर बसलेली. तिथल्या पांढऱ्या चौकटी ती एकेक हातानं पुसून बघत होती. त्याही कोमोरीनंच आखलेल्या.

त्यानंतर त्यानं दाराला बाहेरून कडी बसवली. माझ्या घरी जायच्या वाटेवरच त्यांचं घर, त्यामुळे ऐकायला यायचं. आतून ती दार वाजवायची. "घरमालक, दार उघडा हो. माझी गाडी चुकेल." तो आता तिचा घरमालक झाला होता. "अहो" नाही, काही नाही. चांगला वागत असणार घरमालक, कारण ती बोलायची फार अदबीनं. "घरमालक, तुमचे उपकार आहेत, पण मला जाऊ द्या." एवढ्या वर्षांच्या संसारानंतर बायकोनं आपल्याला अदबीनं बोलावं, याच्याइतकी वाईट गोष्ट मी ऐकली नाही.

मुलगी उत्तरेला दिलेली. ती फोनवर म्हणाली, बाबा, वृद्धाश्रमात नाव घाला. नाव घातलं. तिथेही रांगच होती.

एकदा कोमोरी तिच्या औषधांची पिशवी घेऊन दुकानाशी आला. म्हणाला, "एक गंमत सांगू का? तिला औषधाच्या दुकानात नेलं होतं. मला वाटलं आता पळेल. तर पुढं एक माणूस उभा होता, त्याच्या मागं जाऊन गप उभी राहिली. टोफूवाल्याकडं तेच. कुणाचीही पाठ दिसली की मागं उभी राहते." त्यानं पिशवी फळीवर ठेवली. "सगळं गेलं, रांग तेवढी राहिली."

मी वाडगं पुढे केलं. तो काही खाईना, फळीखाली बघत बसला.

पुढे वसंतात आश्रमात जागा झाली आणि सुमिए गेली. तिथे ती आता अंथरुणावरच असते, पाय जमिनीला लागत नाहीत. कोमोरी भेटायला जातो. घरमालक आले, असं ती आता म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. येताना तो इथे उतरतो, शेवया मागवतो, निम्म्या टाकतो. हे सगळं झालंच. पण त्याआधी, थंडी ऐन भरात असताना, एक सकाळ मी बघितलीय, आणि ती सांगितली नाही तर मला हा माणूस तुम्हाला दाखवल्यासारखं वाटणार नाही.

त्या दिवशी नळाचं पाणी गोठलं होतं. मी केटलीतलं आधण ओतून तोटी मोकळी करत होते, तर कोमोरी एकटाच आला आणि फलाटाच्या कडेपाशी, त्या फिक्या जागेवर जाऊन उभा राहिला. समोर तोंड करून.

मी म्हटलं, "बायकोला कोंडून गाडीनं फिरायला निघालात काय?"

"दार उघडं टाकून आलोय."

"शुद्धीवर आहात का? या गारठ्यात? कुठं गेली म्हणजे?"

"गल्लीतून सरळ वाट स्टेशनातच येते. कोपऱ्यावर टोफूवाला लक्ष ठेवून आहे. फाटकाशी नेमोतोसान उभे आहेत. त्यांना सांगितलंय."

"आणि इथं येऊन ती करणार काय? खूण तर तुम्हीच पुसलीत."

त्यानं पाठ ताठ केली आणि पाय जुळवले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

सुमिए आली. कोटाची बटणं वरखाली लागलेली, हातात डबा म्हणून घेतलेली रिकामी चौकोनी बरणी. नेमोतोंनी वाकून तिला आत सोडलं होतं. ती खाली बघत पुढे गेली, मागे आली. पुन्हा तेच सुरू झालं. मी केटली खाली ठेवली. मग तिनं मान वर केली. सगळी माणसं आपापल्या गोलांपाशी रांगा धरून होती आणि मध्येच ही एकटी पाठ. तिच्या चेहऱ्यावरचा गोंधळ सरकन उतरला. ती गेली आणि बेतानं अंतर ठेवून त्याच्या मागे उभी राहिली.

कोमोरी वळला नाही. वळला असता तर तिला घरमालक दिसला असता. त्याची मान तेवढी थोडी कलली, खाली, मागे. तो तिचे बूट बघत होता.

"माफ करा," सुमिए म्हणाली, "रांग इथंच ना?"

"हो."

"तीन दारांच्या गाडीची?"

"हो. तीन दारांच्या."

गाडी आली. दारं अलीकडे पलीकडे उघडली, लोक चढले, समोरची काच पुढे निघून गेली. "ही आपली नव्हे," ती म्हणाली. "नव्हे," तो म्हणाला. फलाट रिकामा झाला.

"मी किती दिवस शोधतीय," ती म्हणाली. "इथं एक त्रिकोण होता बघा. कुणी नेला कोण जाणे."

कोमोरीचे खांदे हलले. मला वाटलं, आता हा वळणार आणि सगळं संपणार. पण तो सावरला. "आहे," तो म्हणाला. "माझ्या पायाखाली आहे."

"आहे? अगंबाई, मी उगाच घाबरले!" मग ती पुढे झुकली आणि आवाज खाली आणून बोलायला लागली. आम्हा बायकांना नवऱ्याबद्दल बोलायचं असलं की आमचा आवाज असाच होतो. "कुणाला सांगू नका हं. आमच्या ह्यांनी काढलाय तो. जरासा वाकडा आलाय. त्यांच्या फार जिवाला लागलंय ते. म्हणून मी रोज त्याच्यावर उभी राहते, लोकांना दिसायला नको. आज तुम्ही पुढं आहात, तर तुम्हीच झाका."

"झाकतो," कोमोरी म्हणाला. कसाबसा.

तिनं वाकून बघितलं. स्वच्छ, सपाट, काहीही नसलेली फरशी तिनं नीट निरखून बघितली.

"डावा पाय जरा आत घ्या," ती म्हणाली. "कोपरा दिसतोय."

कोमोरीनं डावा पाय आत घेतला, आणि पुढची गाडी येईपर्यंत तो तिथून हलवला नाही.